हैदराबादची १९४७–४८ मधील निवड : मुत्सद्द्यांच्या नोंदी, धाराशिवची सीमा आणि अनिर्णित प्रश्न

१. प्रश्नाची व्याप्ती

बलाढ्य शेजाऱ्याच्या वेढ्यात सापडलेल्या राज्यासमोर संघर्षाच्या काळात कोणते पर्याय असतात आणि त्यांतून होणारी निवड कितपत त्या राज्याची स्वतःची असते, हा आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. अॅनेट बेकर फॉक्स यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुसऱ्या महायुद्धातील तुर्कस्तान, फिनलंड, नॉर्वे, स्वीडन आणि स्पेन यांच्या मुत्सद्देगिरीची तुलना करून या प्रश्नाला पद्धतशीर रूप दिले. मराठी वाचकाच्या अगदी जवळचे उदाहरण मात्र हैदराबाद संस्थानाचे आहे, कारण ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत या संस्थानाने घेतलेल्या निर्णयांचे परिणाम मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांना, आणि त्यांतही सोलापूरला लागून असलेल्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याला, थेट भोगावे लागले.

हैदराबादला ‘लहान’ किंवा ‘राष्ट्र’ म्हणावे काय, येथपासूनच वादाला सुरुवात होते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे क्षेत्र आणि १९४१ च्या जनगणनेनुसार एक कोटी साठ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेले हे संस्थान युरोपातील अनेक स्वतंत्र देशांहून मोठे होते. परंतु त्याला समुद्रकिनारा नव्हता, त्याच्या चारही बाजूंना भारतीय प्रदेश होता आणि त्याचे परराष्ट्र व्यवहार सुमारे दीडशे वर्षे ब्रिटिशांच्या हाती होते. १९४८ च्या संघर्षाला एका बाजूने ‘पोलीस कारवाई’ म्हटले आणि दुसऱ्या बाजूने ‘आक्रमण’. ही दोन्ही नावे हैदराबादच्या दर्जाविषयीची भूमिका गृहीत धरूनच वापरली गेली. या तेरा महिन्यांबद्दल मुत्सद्द्यांनी, जिल्हा पातळीवरील प्रत्यक्ष सहभागींनी आणि नंतरच्या अभ्यासकांनी काय मांडले, आणि त्यांतून काय निश्चित झाले व काय उरले, याचा आढावा येथे घेतला आहे.

२. तहांची पार्श्वभूमी

हैदराबादच्या १९४७ मधील युक्तिवादाचा पाया जुन्या तहांत होता. निजाम हा ईस्ट इंडिया कंपनीशी बरोबरीच्या नात्याने तह केलेला मित्र असून त्याने सोपवलेले अधिकार ब्रिटिश निघून गेल्यावर आपोआप त्याच्याकडे परततात, असे त्याचे सूत्र होते. या तहांच्या इतिहासात धाराशिवचा प्रदेश एकदा मध्यवर्ती ठरला आहे. हैदराबाद कंटिन्जंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या खर्चापोटी साचलेल्या कर्जामुळे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पश्चिम पट्टा कंपनीच्या कारभाराखाली गेला आणि मेडोज टेलर या अधिकाऱ्याने नळदुर्ग येथे राहून त्याची व्यवस्था पाहिली. १८५७ मध्ये निजामाने ब्रिटिशांची बाजू सोडली नाही, म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब त्याला परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाले नाही.

वऱ्हाडच्या मागणीतूनच पुढे अधिसत्तेचा प्रश्न उघडपणे चर्चेत आला. अधिसत्ता म्हणजे संस्थानिकांवर ब्रिटिश राजसत्तेचे असलेले, तहांच्या अक्षरांपलीकडे जाणारे वर्चस्व. निजाम मीर उस्मान अली खान यांनी या बाबतीत समान पातळीवर वाटाघाटींची अपेक्षा धरली, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी १९२६ मध्ये कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा हक्क सांगू शकत नाही, असे लेखी कळवले. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने ही अधिसत्ता संपुष्टात आणली, पण ती कोणाकडे गेली, हे सांगितले नाही. हैदराबादच्या मते ती विरून गेली आणि स्वातंत्र्य उरले. भारत सरकारच्या मते भूगोल, संरक्षण आणि जनतेची इच्छा या तीन कारणांनी संस्थानापुढे भारतात सामील होण्याखेरीज खरा पर्याय नव्हता.

३. तेरा महिन्यांतील निर्णय

निजामाने जून १९४७ मध्ये फर्मान काढून भारत व पाकिस्तान या दोन्हींपैकी कोणत्याही संविधान सभेत प्रतिनिधी न पाठवण्याचे जाहीर केले. त्यानंतर छतारीचे नवाब, ब्रिटिश कायदेपंडित सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या शिष्टमंडळाने दिल्लीशी बोलणी करून ऑक्टोबरमध्ये कराराचा मसुदा पूर्णत्वास आणला. परंतु २७ ऑक्टोबरला इत्तेहादुल मुसलमीन या संस्थानातील मुस्लिम राजकीय संघटनेच्या जमावाने या वाटाघाटकर्त्यांच्या घरांना वेढा घातला, शिष्टमंडळाने राजीनामे दिले आणि त्याची जागा मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखालील नव्या मंडळाने घेतली. इत्तेहादचे तत्कालीन अध्यक्ष कासीम रझवी हे लातूरचे वकील होते आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, ही बाब राजधानी व जिल्हा यांतील दुवा म्हणून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांबाबत ब्रिटिश काळातील व्यवस्था तशीच चालू ठेवणे, दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमणे आणि मतभेद झाल्यास ते लवादाकडे सोपवणे, अशी त्याची मुख्य कलमे होती. करार झाल्यावर मीर लायक अली पंतप्रधान झाले, जानेवारी १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट-जनरल म्हणून हैदराबादला आले आणि झैन यार जंग यांनी दिल्लीत हैदराबादचे प्रतिनिधित्व केले. पाकिस्तानला भारतीय कर्जरोख्यांच्या रूपाने दिलेले वीस कोटी रुपयांचे कर्ज, भारतीय चलनाच्या वापरावरील निर्बंध आणि रझाकार या इत्तेहादच्या स्वयंसेवक दलाचा वाढता विस्तार यांना भारताने करारभंग ठरवले. भारताने लादलेली आर्थिक कोंडी, शस्त्रपुरवठ्याचा नकार आणि सीमेपलीकडून होणारे हल्ले हा करारभंग असल्याचे हैदराबादचे म्हणणे होते.

जून १९४८ मध्ये भारताचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड माउंटबॅटन यांनी तडजोडीचा मसुदा पुढे केला. सैन्यसंख्येवर मर्यादा, रझाकारांचे विसर्जन, जबाबदार शासनपद्धतीकडे वाटचाल आणि सामीलीकरणाच्या प्रश्नावर सार्वमत अशा तरतुदी असलेला हा मसुदा भारत सरकारने मान्य केला, निजामाने नाकारला आणि २१ जूनला माउंटबॅटन भारतातून गेले. यानंतर हैदराबादने २१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली, १३ सप्टेंबरला भारतीय सेना पाच दिशांनी संस्थानात शिरली, १७ तारखेला निजामाने युद्धविराम जाहीर केला आणि १८ तारखेला हैदराबादच्या सेनेने औपचारिक शरणागती पत्करली.

४. मुत्सद्द्यांचे तीन दृष्टिकोन

या घटनाक्रमाचे पहिले वाचन दिल्लीच्या बाजूचे आहे. संस्थानी खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांचा संस्थानांच्या विलीनीकरणावरील ग्रंथ १९५६ मध्ये आणि मुन्शी यांच्या हैदराबादच्या आठवणी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोघांच्याही मते हैदराबादला वेळोवेळी सन्माननीय पर्याय मिळाले, परंतु ऑक्टोबर १९४७ नंतर निर्णयाची सूत्रे रझवी यांच्याकडे गेल्याने ते वाया गेले. या दोघांतही एक भेद आहे. मेनन यांचे कथन वाटाघाटींच्या टप्प्यांनी चालते आणि तडजोडीची शक्यता शेवटपर्यंत खरी मानते, तर मुन्शी यांना वाटाघाटींवर मुळातच फारसा भरवसा नव्हता. एजंट-जनरल म्हणजे जुन्या ब्रिटिश रेसिडेंटचा वारस ठरू नये, यासाठी हैदराबाद सरकारने त्यांच्या अधिकारांचा अर्थ संकुचित ठेवण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे मुन्शी यांच्या नोंदींत राजदूताचे निरीक्षण आणि संघर्षातील पक्षकाराची भूमिका एकमेकांत मिसळलेली दिसतात, आणि टीकाकारांचा मुख्य आक्षेपही यावरच आहे.

दुसरे वाचन लायक अली यांचे. नजरकैदेतून निसटून १९५० मध्ये पाकिस्तानात गेल्यानंतर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९६२ मध्ये कराचीत प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते हैदराबादने पूर्ण विलीनीकरणाखेरीज बहुतेक सवलती देऊ केल्या, लवादाची मागणी केली, सार्वमताची कल्पनाही तत्त्वतः नाकारली नाही, आणि शेवटी आंतरराष्ट्रीय संस्थेचे दार ठोठावणे हाच दुर्बळ राज्याचा वैध मार्ग असल्याने तो पत्करला. पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदराची सोय मिळवण्याचे आणि सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकरवी कराचीहून विमानांनी शस्त्रे आणण्याचे प्रयत्न भूवेष्टित राज्याच्या अपरिहार्यतेतून झाले, असा या वाचनाचा अर्थ होतो. मात्र हैदराबादचे सेनापती एल एद्रूस यांच्या आठवणी, ज्या १९९४ मध्ये प्रकाशित झाल्या, त्याला छेद देतात. भारतीय सेनेपुढे हैदराबादच्या फौजेचा फार दिवस टिकाव लागणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. मग राजकीय नेतृत्वाने लष्करी वास्तव ऐकले नाही, की ऐकूनही आंतरराष्ट्रीय हस्तक्षेपावर भिस्त ठेवली, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. पाकिस्तानकडून काही अपेक्षा असल्यास, जिना ११ सप्टेंबरला निवर्तल्याने तीही उरली नव्हती.

तिसरे वाचन मध्यस्थांचे आहे. मॉन्क्टन यांची कागदपत्रे आणि माउंटबॅटन यांचे सहकारी अॅलन कॅम्पबेल-जॉन्सन यांची १९५१ मध्ये प्रकाशित झालेली रोजनिशी यांतून, करार हाती येता येता निसटल्याची खंत जाणवते. या मध्यस्थांच्या लेखी निजाम हा निर्णय पुढे ढकलणारा राज्यकर्ता होता आणि विलंब हेच त्याचे धोरण होते. सौदा करणाऱ्याला नेहमीच सौदा शक्य वाटतो, त्यामुळे त्यांनी दोन्ही बाजूंच्या अंतर्गत दबावांना कमी लेखले असावे, असा आक्षेप या वाचनावर घेता येतो.

५. आंतरराष्ट्रीय कायद्याची बाजू

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे पस्तिसावे कलम सदस्य नसलेल्या राज्यालाही, शांततामय तोडग्याची बंधने आधी मान्य केल्यास, स्वतःचा वाद सुरक्षा परिषदेपुढे आणू देते. हैदराबादची तक्रार याच कलमाखाली होती. भारताच्या वतीने ए. रामस्वामी मुदलियार यांनी हैदराबाद हे अशा अर्थाने राज्यच नाही, म्हणून त्याला हा हक्क नाही, अशी बाजू मांडली. १६ सप्टेंबरला परिषदेने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला, पण हैदराबादच्या दर्जाविषयी निर्णय दिला नाही. २२ सप्टेंबरच्या तारेने निजामाने तक्रार मागे घेतली, तर परिषदेपुढील हैदराबादच्या शिष्टमंडळाने निजाम मोकळा नसल्याचा मुद्दा उपस्थित केला. १९४९ मध्ये पाकिस्तानचे झफरुल्ला खान यांनी पुन्हा निवेदन केले, तरी परिषदेने ठराव केला नाही. क्लाइड ईगलटन यांनी १९५० मध्ये अमेरिकन आंतरराष्ट्रीय कायदा नियतकालिकातील लेखात परिषदेने हे प्रकरण गांभीर्याने तपासायला हवे होते, असे प्रतिपादन केले. उलट बाजूचे अभ्यासक दाखवून देतात की, ब्रिटिशांनी किंवा इतर कोणत्याही प्रमुख राष्ट्राने हैदराबादला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली नव्हती आणि मान्यतेविना राज्यत्वाचा दावा व्यवहारात टिकत नाही. कायद्याच्या अंगाने हा वाद आजही निकालाविना आहे.

६. सीमेवरून दिसणारे चित्र

वरील सर्व नोंदी दिल्ली, हैदराबाद आणि लंडन येथील आहेत. धाराशिव जिल्ह्याच्या पातळीवर आल्यावर प्रश्नाची मांडणीच बदलते. येथील सीमा सरळ रेषेत नव्हती. मुंबई प्रांताचा सोलापूर जिल्हा आणि संस्थानाचा उस्मानाबाद जिल्हा यांची गावे एकमेकांत गुंतलेली होती आणि सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नज हे संस्थानाचे बेट भारतीय हद्दीने वेढलेले होते. जुलै १९४८ मध्ये नान्नजजवळ भारतीय लष्करी तुकडीवर हल्ला झाला आणि भारतीय सेनेने ते गाव ताब्यात घेतले. ही घटना युद्धाच्या सात आठवडे आधीची असल्याने, संघर्ष नेमका केव्हा सुरू झाला, या प्रश्नाचे उत्तर सीमेवर निराळे मिळते.

या भागात राजकीय जागृतीची परंपरा जुनी होती. लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांनी काम केले आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. स्वामीजींना अटक झाल्यावर कार्यकर्त्यांनी सोलापूर-बार्शी पट्ट्यात छावण्या उभारल्या आणि तेथून करोडगिरी नाक्यांवर, पोलीस ठाण्यांवर व रझाकारांच्या केंद्रांवर हल्ले होऊ लागले. स्वामीजींच्या १९६७ च्या आठवणी, अनंत भालेराव यांचा १९८७ मधील मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावरील ग्रंथ आणि नरहर कुरुंदकर यांचे लेखन या परंपरेच्या आतून बोलते. या लेखनाच्या दृष्टीने संस्थानाची निवड निजामाने करायचीच नव्हती; ती जनतेची होती, आणि लढा सरंजामी एकतंत्री राजवटीविरुद्ध व लोकशाहीसाठी होता. रझाकारांच्या अत्याचारांमुळे सीमावर्ती गावांतील लोकांनी सोलापूर जिल्ह्यात आश्रय घेतल्याच्या स्मृती या लेखनाचा महत्त्वाचा आधार आहेत.

याच जिल्ह्याचे दुसऱ्या बाजूचे साक्षीदार मोहम्मद हैदर होत. ते १९४८ मध्ये उस्मानाबादचे कलेक्टर होते, पोलीस कारवाईनंतर त्यांना अटक झाली आणि ‘ऑक्टोबर कू’ हे त्यांचे आत्मकथन २०१२ मध्ये प्रकाशित झाले. शीर्षकातील ऑक्टोबर म्हणजे १९४७ चा तोच प्रसंग, ज्याने मॉन्क्टन-छतारी शिष्टमंडळ कोसळले. हैदर यांचा भर सीमेपलीकडील छावण्यांतून होणाऱ्या हल्ल्यांवर आणि हल्लेखोर व रझाकार यांच्यामध्ये अडकलेल्या जिल्हा प्रशासनाच्या कोंडीवर आहे. पदच्युत व आरोपित अधिकाऱ्याचे हे समर्थन असल्याने ते जपून वाचावे लागते. तरीही राजधानीतील आदेश आणि गावातील सत्ता यांत किती अंतर पडले होते, हे दाखवणारा असा दुसरा आधार क्वचितच आढळतो.

७. सप्टेंबर १९४८ आणि त्यानंतर

सोलापूरकडून निघालेल्या मुख्य तुकडीने १३ सप्टेंबरला पहाटे बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात घेऊन नळदुर्ग जिंकले. नंतर जळकोटमार्गे ती उमरग्यापर्यंत पोहोचली आणि दुसऱ्या तुकडीने तुळजापूर घेतले. म्हणजे हैदराबादच्या निवडीची लष्करी कसोटी पहिल्याच दिवशी याच जिल्ह्यात लागली.

कारवाईदरम्यान आणि तिच्यानंतर झालेल्या मुस्लिमविरोधी हिंसाचाराची चौकशी करण्यासाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या मंडळाने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात दौरा केला. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचा समावेश केला. गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे अन्य तीन होते. संपूर्ण संस्थानातील मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता आणि तो दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. अलीकडच्या काळातच तो अभ्यासकांना सुलभपणे पाहता येऊ लागला. मेनन आणि मुन्शी यांच्या ग्रंथांत या हिंसेला नाममात्र स्थान आहे, तर लायक अली यांच्या बाजूच्या लेखनात आधीच्या रझाकारी हिंसेला. दोन्ही प्रकारच्या मौनाची दखल घेणे, ही अलीकडच्या संशोधनाची मोठी देणगी म्हणावी लागेल.

८. अलीकडच्या संशोधनाची दिशा

विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५० मध्येच इत्तेहादच्या राजकारणाची चिकित्सा करून, वास्तवाशी फारकत घेतलेल्या नेतृत्वाची किंमत संस्थानातील सामान्य मुसलमानांना मोजावी लागली, असे मांडले होते. लुसियन बेनिशू यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९३८ पासूनच्या अंतर्गत राजकारणाकडे लक्ष वेधले. ए. जी. नूरानी यांनी २०१३ च्या ग्रंथात मुत्सद्द्यांची कागदपत्रे पुन्हा तपासून तडजोड शक्य होती, असे मत मांडले आणि निजाम, रझवी व दिल्लीतील कठोर भूमिकेचे पुरस्कर्ते या सर्वांवर जबाबदारी टाकली. एरिक बेव्हर्ली यांनी २०१५ मध्ये सार्वभौमत्व ही ‘आहे किंवा नाही’ अशी गोष्ट नसून तिच्या पायऱ्या असतात, या भूमिकेतून हैदराबादच्या शंभर वर्षांच्या सीमाव्यवहारांचा विचार केला. टेलर शर्मन आणि सुनील पुरुषोत्तम यांनी हिंसा, पुनर्वसन आणि नागरिकत्व यांकडे वळून, नव्या भारतीय राज्याची घडण या प्रदेशात कशी झाली, हे तपासले. करार कोणी मोडला, या प्रश्नाकडून निवड करण्याची क्षमता कोणाकडे होती, या प्रश्नाकडे अभ्यास सरकला आहे, असे या सर्वांवरून म्हणता येते.

९. काय निश्चित, काय अनिर्णित

काही मुद्द्यांवर बऱ्यापैकी एकमत दिसते. २७ ऑक्टोबर १९४७ ही कलाटणी होती. जून १९४८ चा मसुदा ही शेवटची वास्तव संधी होती. हैदराबादची लष्करी तयारी त्याच्या राजकीय दाव्यांच्या मानाने अत्यंत तोकडी होती. आणि निजामाचे मंत्रिमंडळ बहुसंख्य प्रजेचे प्रतिनिधित्व करत नव्हते.

चार प्रश्न मात्र खुले आहेत. पहिला, निजाम रझवींच्या दबावाखाली होता, की त्या दबावाचा वाटाघाटींत उपयोग करत होता. उपलब्ध नोंदी दोन्ही अर्थांना जागा देतात. दुसरा, सार्वमत झाले असते तर त्याचा निकाल काय लागला असता यापेक्षा, ते कोणाच्या देखरेखीखाली व्हावे यावर एकमत झाले असते काय. तिसरा, छावण्यांतून होणाऱ्या हल्ल्यांना भारतीय प्रशासनाचा कितपत पाठिंबा होता आणि रझाकारांच्या हिंसेला संस्थानी प्रशासनाचा कितपत. चौथा, १९४८ मधील दोन्ही प्रकारच्या हिंसेतील बळींची तालुकानिहाय गणना.

यांतील शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे मुत्सद्द्यांच्या आठवणींत मिळण्याची शक्यता कमी आहे. त्यांसाठी संस्थानी काळातील उर्दू जिल्हादप्तरे, सोलापूर जिल्ह्याच्या मुंबई प्रांतातील पोलीस नोंदी, छावण्यांतील कार्यकर्त्यांची मराठी कथने आणि मुस्लिम कुटुंबांच्या साक्षी एकत्र ठेवून वाचाव्या लागतील. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा आणि परांडा या भागांपुरता असा अभ्यास झाला, तरी राजधानीतील निवड आणि सीमेवरील घटना यांपैकी कोणी कोणाला ओढत नेले, याचा निर्णय आजच्यापेक्षा भक्कम पुराव्यावर करता येईल.